बोटीनं जायचं नाही

आमच्या घरात मुंबईला जायचं ते एसटीनं. गाव अलिबाग तालुक्यात, रेवस बंदरापासून फार लांब नाही. रेवसहून भाऊचा धक्का लाँचनं दीडेक तास. रस्त्यानं पेण, पनवेल करत चार तास, आणि वडखळ नाक्याला ट्रॅफिक लागलं तर देवच जाणे. तरीही एसटी. हा नियम आजीचा. बाबांनी कॉलेजची सगळी वर्षं तो पाळला, काकांनी लग्नाच्या खरेदीला जाताना पाळला. मांडव्याहून गेटवेला एसी कॅटमरान सुरू झाली आणि मुंबईचे लोक आमच्याच तालुक्यात वीकेंडला बोटीनं यायला लागले, तेव्हाही आम्ही वडखळला खिडकीतून कणसं घेत बसलेलो असायचो.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आजीचा मोठा भाऊ रामदास बोटीत गेला. ‘रामदास बोटीत गेला’, हे तीन शब्द. त्यापुढचं वाक्य मी घरात कधी ऐकलं नाही.

पुढचं मी दहावीत असताना मोबाइलवर वाचलं. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. गटारीसाठी गावी निघालेल्या लोकांनी भरलेली रामदास ही बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत काश्याच्या खडकाजवळ पावसाळी समुद्रात कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांच्या होड्यांनी काहींना वाचवलं. आजीचा भाऊ त्या काहींमध्ये नव्हता. तो गिरणीत होता, एकोणीस वर्षांचा. आजी सात वर्षांची.

हे सगळं सांगायचं कारण, मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीनं समुद्र ओलांडला तो अलिबागला नाही. स्कॉटलंडच्या वायव्येला, आऊटर हेब्रिडीज नावाच्या बेटांकडे जाताना.

मी ग्लासगोत तीन वर्षं आहे. मास्टर्स संपलं, आता एका ऑफिसात दुसऱ्यांच्या एक्सेल शीट नीट करते. शेजारच्या डेस्कवरची मुलगी त्या बेटांतल्या लुइसची. तिची एक गंमत होती. ‘हो’ म्हणायचं असलं की ती श्वास आत ओढत ‘आय’ म्हणायची, जणू कुणी दचकलंय. मला सुरुवातीला वाटायचं हिला माझं बोलणं धक्कादायक वाटतं. नंतर कळलं की तिकडची पुष्कळ माणसं असंच म्हणतात. गेल्या डिसेंबरात थर्टीफर्स्टचे प्लॅन चालले होते. स्कॉटलंडमध्ये थर्टीफर्स्ट म्हणजे आपली दिवाळी आणि गणपती एकत्र. ती म्हणाली, आमच्या घरी पणजी होती तोवर त्या रात्री गाणीबिणी नसायची. का, तर ‘आयोलेअर’. एवढंच म्हणून ती स्क्रीनकडे वळली.

बोटीच्या नावाचा एकच शब्द आणि मग स्क्रीनकडे वळणं. ही पद्धत मला ओळखीची होती.

ऑक्टोबरात तीन दिवसांची सुट्टी जोडून मी निघाले. ग्लासगोहून इन्व्हरनेस, तिथून दीड तास बसनं उल्लापूल. उल्लापूल हे गाव १७८८मध्ये हेरिंग मासळीसाठी मुद्दाम वसवलं गेलं, त्यामुळे रस्ते पट्टीनं आखल्यासारखे सरळ, पांढरी घरं एका ओळीत पाण्याकडे तोंड करून. आपल्याकडे बंदराची गावं आधी वाढतात आणि मग रस्ता शोधतात. इथे उलटं. माझी सकाळची फेरी वाऱ्यामुळे रद्द झाली होती. मेसेज बसमध्येच आला. मला भीती वाटायला हवी होती, पण धक्क्यावरच्या कॅफेत कुणाच्याच चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती. एक बाई स्वेटर विणत होती, दोन ट्रकवाले पत्ते खेळत होते. हिवाळ्यात बेटांवरच्या दुकानांत दूध-ब्रेड कधी संपेल हे वाराच ठरवतो. आमच्याकडे जून लागला की मांडव्याहून गेटवेची बोट बंद होते आणि कुणी तक्रार करत नाही, तसंच हे. फक्त यांचा पावसाळा बारा महिन्यांत कुठेही घुसतो.

संध्याकाळी बोट सुटली. बोट म्हणायचं सवयीनं. ‘लॉख सीफोर्थ’ म्हणजे तरंगती चार मजली इमारत आहे. पोटात ट्रक, गाड्या, मेंढ्यांचा एक ट्रेलर. वर कॅफेटेरिया, सोफे, लहान मुलांचा कोपरा. सुरक्षेच्या सूचना आधी गॅलिकमध्ये आणि मग इंग्रजीत. मला गॅलिकचं अक्षर कळत नाही, पण कुठल्याशा लहान भाषेला लाउडस्पीकरवर पहिला नंबर मिळालेला ऐकून बरं वाटलं. अर्थात लाउडस्पीकर आणि स्वयंपाकघर यांत फरक असतो. २०११च्या जनगणनेत या बेटांवर निम्म्याहून जास्त लोक गॅलिक बोलणारे होते, २०२२मध्ये ते निम्म्याहून खाली आले. माझ्यामागच्या सोफ्यावर एक आजोबा नातवाशी गॅलिकमध्ये बोलत होते आणि नातू फोनवरची नजर न काढता इंग्रजीत उत्तरं देत होता. मुंबईतल्या कुठल्याही लोकलमध्ये हे दृश्य बघा.

मुख्य भूमी आणि लुइस यांच्यामधल्या समुद्राला मिंच म्हणतात. ओलांडायला अडीच-पावणेतीन तास. पहिला तास बोट खाडीतून जाते, दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी शांत. मग डोंगर संपतात आणि बोट पहिल्यांदा वाकून नमस्कार करते. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं. समोरच्या बाईनं शांतपणे आपला चहाचा कप उचलून हातात घेतला, बोट सरळ झाल्यावर परत ठेवला. मी तिचं बघून तेच करायला लागले आणि तेवढ्यानं बरं वाटलं. कशाला घाबरायचं याची नाही, कप कधी उचलायचा याची माहिती हवी असते.

मिंचबद्दल तिथे एक जुनी गोष्ट सांगतात. या पाण्यात निळी माणसं राहतात. वादळात ती लाटांवर कमरेइतकी वर येतात आणि कप्तानाला कवितेच्या दोन ओळी टाकतात. कप्तानानं तिथल्या तिथे जोडीच्या दोन ओळी रचून परत फेकायच्या. जमलं तर जहाज सुटलं, अडखळला तर बुडालं. म्हणजे भेंड्या. जीव पणाला लावलेल्या भेंड्या. मला ही कल्पना फारच आवडली. समुद्राला माणूस लागत नाही, नैवेद्य लागत नाही, उत्तर लागतं. आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ देऊन त्याला शांत करतात, तो आपल्यापेक्षा मोठा आहे हे आधीच मान्य करून. इथल्या गोष्टीत तो हुज्जत घालणारा शेजारी आहे.

स्टॉर्नोवेला उतरले तेव्हा रात्र झाली होती. वारा असा की जॅकेटची टोपी डोक्यावर राहायलाच तयार नव्हती. गेस्ट हाउसच्या मालकीणबाई सत्तरीच्या. दार उघडून त्यांनी मला नाव विचारायच्या आधी विचारलं, “खराब होता का?” “थोडा,” मी म्हटलं. त्यांनी श्वास आत ओढला, “आय.” मग सूप दिलं.

शनिवारी मी पर्यटकासारखी वागले. लुइसवर झाडं जवळजवळ नाहीत. पीट नावाची काळी, ओली, दबलेल्या गवताची जमीन मैलोन्‌मैल, मध्ये तळी, आणि सगळ्यावर वारा. ही पीट विटांसारखी कापून वाळवतात आणि चुलीत जाळतात. आरनॉल गावात असं एक जुनं दगडी घर जपून ठेवलंय, त्याला ब्लॅकहाउस म्हणतात. भिंती पुरुषभर जाड, गवती छप्पर दोऱ्यांनी आवळलेलं आणि दोऱ्यांच्या टोकाला दगड बांधलेले, नाही तर वारा छप्पर घेऊन जाईल. मध्यभागी जमिनीवरच पीटची धग. धुराड्याची भानगड नाही, धूर छपरातून झिरपत जातो. एका छताखाली माणसं आणि गाई. मी आत गेले आणि पहिल्यांदा डोळे चुरचुरले, मग नाकाला आमच्या मागच्या पडवीतली चूल आठवली.

स्टॉर्नोवे गावात मात्र एका बाजूला घनदाट झाडी दिसते आणि झाडीत एक किल्ल्यासारखा वाडा. लूज कासल. आत म्युझियम आहे. तिथे ते प्रसिद्ध बुद्धिबळाचे मोहरे आहेत, बाराव्या शतकातले, वॉलरसच्या दातांचे, १८३१मध्ये याच बेटावर सापडलेले. तुम्ही पहिला हॅरी पॉटर पाहिला असेल तर ते पाहिलेत. एक शिपाई वेडापिसा होऊन स्वतःची ढाल चावतोय. बहुतेक मोहरे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, इथे सहा. कोहिनूरवर वाद घालणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट लगेच समजते.

पण मी अडकले ते वाड्यापाशी. तो बांधला जेम्स मॅथेसननं. १८४४मध्ये या गृहस्थानं अख्खं लुइस बेट विकत घेतलं, आणि पैसा होता चीनला विकलेल्या अफूचा. जार्डिन-मॅथेसन कंपनीतला हा मॅथेसन. आणि या कंपनीला मुंबईहून माळव्याची अफू पाठवणारा सर्वांत मोठा भागीदार कोण, तर जमशेटजी जिजीभाई. जे.जे. हॉस्पिटलचे जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं १८४५मध्ये. त्याच वर्षी जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांच्या पैशातून बांधलेला माहीमचा कॉजवेही खुला झाला. त्याआधी माहीमची खाडी होडीनं ओलांडावी लागे.

मी त्या झाडांखालच्या बाकावर बराच वेळ बसले. माझा जन्म जे.जे.मधला. आईची केस अडली म्हणून अलिबागहून मुंबईला हलवलं होतं, रस्त्यानंच. तर त्याच अफूच्या पैशाची एक वाट माझ्या जन्माच्या वॉर्डापर्यंत आली आणि दुसरी या झाडीपर्यंत. मुंबईत त्याचं हॉस्पिटल, पूल आणि कॉलेज झालं. इथे वाडा. पुढे बटाट्याचं पीक कुजून बेटावर उपासमार आली तेव्हा मॅथेसननं धान्य आणवलं हे खरं, आणि १८५१पासून पुढच्या चार-पाच वर्षांत दोन हजारांहून अधिक बेटवासीयांना जहाजांत बसवून कॅनडाला पाठवलं हेही खरं. तिकडे चीनमध्ये काय झालं ते वेगळंच. दानशूर म्हणून नाव लागलेल्या माणसांचं मला काय करायचं हे कळत नाही. जे.जे. पाडून टाका असं तर मी म्हणणार नाही.

रविवारी लुइसवर फारसं काही चालत नाही. हे प्रेस्बिटेरियन ख्रिश्चनांचं बेट, देवाचा वार कडक पाळणारं. बस बंद, बहुतेक दुकानं बंद. रविवारची फेरी सुरू व्हायला २००९ साल उजाडावं लागलं, आणि तेव्हा विरोध करायला लोक धक्क्यावर जमले होते. कपडे वाळत घालणंसुद्धा शेजाऱ्यांना खटकतं असं ऐकलं होतं. मालकीणबाईंच्या अंगणातली दोरी खरंच रिकामी होती. गंमत म्हणजे याच गावात एक मशीद आहे, २०१८मध्ये उघडलेली. अनेक दशकांपूर्वी इथे दारोदार कपडे विकायला आलेल्या पंजाबी मुसलमान कुटुंबांचे वंशज गॅलिक बोलतात. आपापला वार पाळणाऱ्यांचं एकमेकांशी बरं जमत असावं.

मी चालत होमला गेले. गावाबाहेर तासाभराचा रस्ता, शेवटी मेंढ्यांच्या कुरणातून पायवाट. टोकाला समुद्रासमोर दगडी स्तंभ. पुढे पाण्यात खडक, त्यांचं नाव ‘बीस्ट्स ऑफ होम’. होम हे गावाचं नाव आहे, घर असा अर्थ नाही. पण इंग्रजीतून ऐकणाऱ्याला तो अर्थ टाळता येत नाही.

पहिलं महायुद्ध नोव्हेंबर १९१८मध्ये संपलं होतं. एकट्या लुइसमधून सहा हजारांच्या वर माणसं युद्धावर गेली होती, हजारेक मेली होती. वाचलेल्या नौसैनिकांना नव्या वर्षासाठी घरी आणायला ३१ डिसेंबरच्या रात्री आयोलेअर ही नौदलाची बोट निघाली. नावाचा अर्थ गॅलिकमध्ये गरुड. १ जानेवारी १९१९च्या पहाटे दोनच्या सुमारास ती या खडकांवर आदळली. बंदर मैलभरही लांब नाही. २८०च्या आसपास माणसं होती, २०१ गेली. किनारा एवढा जवळ की लहान पोरानं दगड फेकला तर पोचावा. नेसच्या एका सैनिकानं दोरी घेऊन पोहत किनारा गाठला आणि त्या दोरीवरून चाळीसेक जण वाचले. सकाळी नातेवाईक गाड्या घेऊन आले ते प्रेतं न्यायला. मुलांसाठी घेतलेली खेळणी वाळूवर लागली होती. चूक कोणाची ते नौदलाच्या चौकशीत ठरलंच नाही. आणि मग बेटानं तोंड मिटलं. वाचलेल्यांनी बायकांना सांगितलं नाही, बायकांनी मुलांना सांगितलं नाही. चार वर्षांनी, १९२३च्या एप्रिलमध्ये, स्टॉर्नोवेहूनच ‘मेटागामा’ जहाजानं तीनशे तरुण कॅनडाला निघून गेले.

मी फोटो काढला आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली दोन ओळी लिहिल्या. घरी संध्याकाळचे साडेपाच. पाच मिनिटांत चुलतभावाचा व्हिडिओ कॉल. त्यानं फोन आजीच्या तोंडासमोर धरला होता, त्यामुळे मला फक्त तिचं कपाळ आणि कुंकू दिसत होतं. वाऱ्यामुळे तिला माझं ऐकू येईना, मी स्तंभाच्या आडोशाला बसले.

“कुठं हाय खडक?” तिनं विचारलं. मी कॅमेरा फिरवला.

“इतका जवल?”

“हो.”

“मंग पोवले का नाय?”

मी म्हटलं, अंधार होता, वादळ होतं, अंगावर युनिफॉर्म, पायात बूट. एकानं दोरी आणली. तिनं ते दोनदा सांगायला लावलं, दोरीचं. मग बराच वेळ तिकडून आवाज नाही. मला वाटलं नेट गेलं.

“कोंबडी केलती,” आजी म्हणाली. “दादा येनार म्हनून आयनी सकालीच कोंबडी केली. गटारी. आमी पोरा चुलीजवलून हालत नव्हतू. मंग कुनीतरी बंदरावरना वरडत आला. बा कोल्यांचे होरीतना गेला. तीन दिस होता. दादा गावला नाय. चवथ्या दिशी आयनी टोप उचलला न् तसाच नेऊन उकिरड्याव टाकला. टोपासकट.”

चुलतभावाच्या हातातला फोन हलला. आमच्या घरात गटारी होत नाही. आख्खा गाव त्या दिवशी तांबडा रस्सा करतो आणि आमच्याकडे वरणभात. मी लहानपणापासून समजत होते की आजी माळकरी आहे म्हणून. ती माळकरी नाही. एरवी बोंबलाशिवाय तिचं जेवण होत नाही.

“त्या तितल्या बाया,” आजीनं विचारलं, “त्या काय करतात त्या दिशी?”

मी म्हटलं, विचारून सांगते.

सोमवारची परतीची बोट सकाळी सातची. मालकीणबाई पाचला उठून ओट्सची लापशी करत होत्या. मी नको नको म्हणत होते, पण समुद्रावर रिकाम्या पोटी जायचं नाही यावर जगभरच्या बायकांचं एकमत असावं. मी त्यांना आजीचं सांगितलं. बोट, कोंबडी, टोप. इंग्रजीत ते फार लहान झालं. मग आजीचा प्रश्न विचारला.

त्या पातेलं ढवळत राहिल्या. म्हणाल्या, त्यांच्या आजीचा भाऊ आयोलेअरवर होता. आजी पुढे साठ वर्षं जगली. दर थर्टीफर्स्टला सगळे झोपले की ती एकटी उठून स्वयंपाकघरात बसायची आणि पहाटेपर्यंत चुलीत पीट घालत राहायची. “त्या रात्री सगळ्यांनीच घरं उबदार ठेवली होती ना,” त्या म्हणाल्या. “आम्ही मुलं जिन्यावरून बघायचो. विचारलं कधीच नाही.”

“सांगू का मी आजीला?”

श्वास आत. “आय.” मग त्यांनी मला फॉइलमध्ये गुंडाळून दोन स्कोन दिले.

बंदरातून निघाली की प्रत्येक फेरी त्या खडकांजवळून जाते. उजाडायला अजून अवकाश होता. डेकवर मी आणि सिगारेट ओढणारा एक ट्रकवाला, दोघंच. खाली कॅफेटेरियात नाश्त्याची रांग लागली होती, काचेतून दिसत होती. वारा पडला होता, समुद्र परवाचा वाटतच नव्हता. मी ग्रुपवर एक व्हॉइस नोट टाकली, मराठीत, पीटचं, जिन्यावरच्या मुलांचं. मग खडकाच्या पुढे रेंज गेली.

उल्लापूलच्या खाडीत शिरल्यावर फोन तीनदा थरथरला. पहिला मेसेज ऑफिसचा. दुसरा चुलतभावाचा, नुसता अंगठा. तिसरी आजीची व्हॉइस नोट, चार सेकंदांची. तिला अजून बटण दाबून ठेवायचं नीट जमत नाही, त्यामुळे वाक्य मधूनच सुरू होत होतं.

“…धक्क्याला लागली काय गो बाय? लागली का कलव.”

मी रॅम्प खाली होईपर्यंत थांबले. पाय जमिनीवर टेकल्यावर टाइप केलं, लागली.